दिनानाथरावांची कुजबुज

जुन्या इंदुरात कुणाकडे मयत झाली, की भेटायला जाताना नवऱ्याला बरोबर न्यायचं की घरीच ठेवायचं, याचा सरोजिनीबाई शेवड्यांना आधी विचार करावा लागे. आता दिनानाथराव माणूस वाईट नव्हता हो! खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी हजर, डोळ्यांतलं पाणीही खरं. पण ती कुजबुज! बक्षींचे आजोबा गेले तेव्हाचीच गोष्ट घ्या. बैठकीत सगळे माना खाली घालून बसलेले, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. अशा वेळी दिनानाथराव बायकोच्या कानाशी लागले, तोंडावर हात धरला आणि अगदी हळूच म्हणाले, "सुटला बिचारा. सूनबाईंच्या हातचा स्वयंपाक आणखी किती वर्षं सोसणार?"

हळूच म्हणजे त्यांच्या मते हळूच. रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानंही ऐकलं. सूनबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. तो चहा आत परत गेला तो गेलाच.

आणि गंमत अशी, की हे त्या माणसाला कधी म्हणून पटलं नाही. सरोजिनीबाई घरी येऊन कपाळावर हात मारून घ्यायच्या, "अहो, अख्ख्या गल्लीनं ऐकलं!" तर हे शांतपणे म्हणायचे, "छे! मी तर तुझ्या कानात बोललो. मेले लोकच कान टवकारून बसलेले असतात." देवानं खाली उतरून सांगितलं असतं तरी त्यांनी देवालाच कान तपासून घ्यायला सांगितलं असतं.

दोष खरं म्हणजे साचेखात्याचा. साचेखातं म्हणजे मिलमधली मागांची जागा. मिसरूड फुटलं तेव्हा दिनानाथराव तिथं चिकटले, ते जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम, झाले तरी तिथंच राहिले. ओळीनं माग लागलेले, प्रत्येकाचा धोटा सूत घेऊन इकडून तिकडं आदळतोय, पायाखालची जमीन थरथरतेय. शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी त्याला ऐकू येऊ नये. मग माणसांनी बोलायचं कसं? तर ओठांनी! तोंड चांगलं मोठं करायचं आणि आवाज न काढता एकेक अक्षर चावून चावून म्हणायचं. समोरचा ते डोळ्यांनी ऐकणार. आणि रीत अशी, की ज्यानं ऐकलं त्यानं तेच पुन्हा तोंडानं म्हणून दाखवायचं, म्हणजे समजल्याची पावती. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी सासूच्या गुडघ्यापासून सराफ्यातल्या जलेबीपर्यंत सगळं बोलून घ्यायचा, आणि खात्याच्या मास्तराला वाटायचं, काय मुकाट्यानं काम करताहेत लोक!

एवढ्या वर्षांत दिनानाथरावांच्या कानांचं पार वाटोळं झालं आणि डोळ्यांना कान फुटले. रस्त्यापलीकडे दोन बायका बोलत असल्या तर हे अलीकडून त्यांची भाजी कितीची ते सांगायचे. स्वतःचा आवाज मात्र त्यांना ऐकू येत नसे, म्हणून तो लहान करायचा म्हणजे किती करायचा, याचा अंदाजच गेला होता.

घरात त्यामुळं दोन भाषा होत्या. एक सगळ्यांची आणि एक बिनआवाजाची. यामिनी, एकुलती एक मुलगी, दोन्ही भाषा बरोबरच शिकली. शाळेच्या खिडकीतून ती फाटकाशी उभ्या असलेल्या बापाला ओठांनी सांगायची, "बाबा, गणिताचा पेपर वाईट गेला. आईला सांगू नका." बाप मान डोलवायचा. घरी आल्यावर मात्र गुपित पोटात मावेना, म्हणून बिचारा मागच्या अंगणात जाऊन तुळशीच्या कानात कुजबुजायचा. सरोजिनीबाई पुढल्या खोलीतून ओरडायच्या, "यामिनी, इकडे ये! गणितात काय दिवे लावले?" म्हणजे बाबांच्या पोटात टाकलेली गोष्ट गावभर होते, हे पोरीला चौथीतच कळून चुकलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग मिलला टाळं लागलं. एक नाही, एकेक करत गावातल्या सगळ्याच मिलना. भोंगा थांबला, माग भंगारात गेले आणि दिनानाथराव घरात येऊन बसले. फार वाईट दिवस होते ते, उगाच हसण्यावारी कशाला न्या. माणूस सकाळी डबा नसताना चपला घालायचा आणि दारापर्यंत जाऊन परत यायचा. "आपल्याला येतं काय, तर दुरून ओठ वाचता येतात," ते म्हणायचे. "आता हे काय बाजारात विकायचंय?" भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासनं त्यांना रस्त्यावर उभं राहून "ॲडमिशन चालू आहे!" असं पुकारायला ठेवलं होतं. ते काम आठवडाभर टिकलं. पोरं खूप आली, पण आसपासच्या इमारतींतल्या सगळ्या क्लासवाल्यांनी हात जोडून येऊन सांगितलं, की आमच्या सरांचं शिकवणं पोरांना ऐकू येत नाही, या काकांना आवरा.

तेवढ्यात उदारीकरणाचं वारं सुटलं. टीव्हीवर तेच, पेपरात तेच. जिकडे तिकडे नव्या कंपन्या, आणि त्यात एक नीलझेप एअरवेज. त्यांनी परदेशातून जुनी छोटी विमानं आणली, रंग मारला आणि इंदूर-मुंबई सुरू केलं. यामिनीनं कुणाला न सांगता अर्ज केला आणि एअर होस्टेस म्हणून निवडली गेली! अख्खी गल्ली वेडी झाली. शेजारच्या शालिनीताई तर विमानाचा आवाज आला की पोळी तव्यावर टाकून अंगणात पळायच्या आणि आभाळाकडे बघून हात हलवायच्या. ते विमान दिल्लीचं असलं तरी. घर आता यामिनीवर चालत होतं, आणि पोरगी अजून कच्ची होती, नोकरी पक्की व्हायला महिना राहिला होता. तिनं घरी एकदा बजावून सांगितलं होतं, "आमच्याकडे नियम फार कडक आहे. विमानाबद्दल प्रवाशापाशी वाईट शब्द काढायचा नाही. भोपाळच्या एका मुलीनं 'हा पट्टा अडकतोय' एवढं प्रवाशाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिला घरी पाठवलं."

आणि मग आली ती फुकट तिकिटं. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना एकदा विमानात बसवायची कंपनीची पद्धत होती. ज्या विमानावर यामिनीची ड्यूटी, त्याच विमानात आई आणि बाबा! अरे बाप रे, काय ती धांदल! सरोजिनीबाईंनी दशम्या केल्या, लसणाची चटणी केली, सेव घेतली, परत सेव घेतली. "मुंबईत सेव मिळत नाही का?" दिनानाथरावांनी विचारलं. "ती काय सेव असते?" असं म्हणून त्यांनी तिसरी पिशवी भरली. लग्नातला कोट निघाला. तो पोटावर बसेना, तेव्हा तो खांद्यावर टाकायचा असतो असं ठरलं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना विमानतळापर्यंत यायचंच होतं, त्यांना टेम्पोतून खाली उतरवता उतरवता निघायला उशीर झाला.

विमानतळावर सुरक्षेवाल्यानं दिनानाथरावांचा अडकित्ता काढून घेतला. दिनानाथरावांनी त्याला समजावून सांगितलं, की भाऊ, अडकित्त्यानं विमान पळवायचं तर आधी पायलटला सुपारीची सवय लावावी लागेल. तो हसला, पण अडकित्ता दिला नाही.

हॉल छोटासाच होता, पण समोर ही मोठी काच, आणि काचेपलीकडे हाकेच्या अंतरावर विमान. आणि विमानापाशी निळ्या साडीतली यामिनी! दिनानाथरावांची छाती अशी फुगली, की खांद्यावरचा कोट खाली पडला. "ती माझी मुलगी," त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं. सगळ्या हॉलनं मान वळवून पाहिलं. शेजारचा माणूस सियागंजचा मसाल्याचा व्यापारी होता, पांढरी टोपी घातलेला, अंगाला हळदीचा वास येत असलेला. "वा भिया, बिटिया तो हीरा है," शेठजी म्हणाले, आणि सरोजिनीबाईंनी त्यांच्या हातावर लगेच सेव ठेवली.

दिनानाथराव काचेला नाक लावून बसले. विमानाच्या दारापाशी एक मेकॅनिक खांदा लावून दार ढकलत होता. यामिनी त्याच्याशी काही बोलली. मग स्टेशन मॅनेजर आला. हा सुशांत, पुण्याहून नवीनच आलेला, गळ्यात टाय आणि हातात वॉकीटॉकी. तो यामिनीसमोर उभा राहिला, काचेकडे पाठ करून. त्याचं काही दिसेना. यामिनीचं तोंड मात्र बरोबर समोर होतं. सकाळचं ऊन तिच्या डोळ्यांत जात होतं, वाऱ्यानं पदर उडत होता, तरी पोरगी जागची हलेना.

"सर, दार पूर्ण लागत नाहीये," ती म्हणत होती. तोंड चांगलं मोठं करून, एकेक अक्षर चावून. "दांडा खाली येतो. आत दिवा लागतो. पण खिटी बसत नाही."

दिनानाथरावांना आधी कौतुकच वाटलं. काय स्वच्छ बोलते! जशी साचेखात्यातच उभी आहे. मग अर्थ डोक्यात शिरला आणि ते सरळ बसले.

सुशांतचं डोकं हललं. यामिनी म्हणाली, "म्हणजे या विमानाची रचनाच तशी आहे? दिवा फक्त दांडा बघतो, खिटी बघत नाही?"

पुन्हा त्याचं डोकं हललं.

"नव्या खिट्या मागवायच्या नाहीत? खर्च फार आहे, पुढल्या वर्षी बघू?" ती म्हणाली. "म्हणजे आजही बाहेरून खांदा लावून बंद करायचं? कॅप्टनसाहेबांना दिवा दिसला म्हणजे झालं? आणि प्रवाशांपाशीच काय, त्यांच्यापाशीही मी एक शब्द काढायचा नाही?"

समोरच्याचं बोलणं ती पुन्हा म्हणून दाखवत होती, मिलच्या रीतीनं. आपली सवय पोरीला लागली, असं दिनानाथरावांना वाटलं, पण आता कौतुक करायला जीव जागेवर नव्हता. दार! हवेत, ढगांच्या वर, दार! आणि दाराशेजारच्या खुर्चीवर कोण बसतं? एअर होस्टेस बसते. तिनंच सांगितलं होतं घरी, किती कौतुकानं, की माझी खुर्ची दाराजवळ असते.

बोलावं? बोललो तर सुशांत विचारणार, की हे बाहेर गेलं कसं. बाप इथं, मुलगी तिथं, दुसरं नाव कुणाचं येणार? नोकरी गेली. घर पुन्हा आडवं झालं. नाही बोललो तर पोर त्या दारापाशी बसून आभाळात जाणार. बोललं तर नोकरी जाते, नाही बोललं तर पोरगी. आपण छातीत कळ आल्याचं सोंग करावं, असंही मनात आलं. पण मग फार तर आपल्याला उतरवतील, पोरगी जाईलच. काही सुचेना. आयुष्यात जेव्हा जेव्हा काही सुचलं नव्हतं, तेव्हा त्यांनी एकच केलं होतं, सरोजिनीला विचारलं होतं.

आधी त्यांनी इकडेतिकडे नीट बघून घेतलं. शेठजी सेव खात होते. कुणाचं लक्ष नव्हतं. मग ते बायकोच्या कानाशी लागले, तोंडावर हात धरला, आणि जन्मात बोलले नसतील इतक्या हळू आवाजात म्हणाले:

"अगं, विमानाचं दार लागत नाहीये! दांडा खाली येतो, दिवा लागतो, पण आतली खिटी बसतच नाही! पैसे वाचवायला खिटी बदलत नाहीत, बाहेरून खांदा लावून दार ढकलतायत! कुणाला बोलू नकोस हं!"

हॉलमध्ये असं चिडीचूप झालं, की शेठजींच्या दाताखालची सेव तेवढी कुरकुरली. एका बाईच्या हातातलं बाळ रडायचं थांबलं. चहावाल्याचा कप भरून बशीत, बशीतून खाली सांडत राहिला.

सरोजिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. "अहो," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "कुणाला बोलायचं राहिलंय आता?"

मग जे काय झालं, ते इंदुरातच होऊ शकतं. शेठजी उभे राहिले. इंदूरच्या व्यापाऱ्याला मराठी कळत नाही असं समजू नका, सगळं कळतं. "दरवज्जा नी लगता?" ते म्हणाले. "तो ऊपर हम क्या पकड़ के बैठेंगे, भिया?" झालं! सगळेच उभे राहिले. कुणी म्हणे पैसे परत द्या, कुणी म्हणे मेकॅनिकलाच बरोबर घ्या, त्यानं आतून धरून बसावं. एका आजींनी कधी नव्हे ते चढवलेले बूट काढून पिशवीत भरले, आता आपण जात नाही म्हणून. सरोजिनीबाईंनी घाबरून दुसरी पिशवी फोडली आणि सगळ्या हॉलला सेव वाटायला लागल्या. माणूस खात असला की ओरडत नाही, हा त्यांचा अनुभव. पण इंदूरचा माणूस खातखात ओरडतो.

सुशांत धावत आत आला. चेहऱ्यावर हसू, टाय मात्र खांद्यावर गेलेला. "मंडळी, मंडळी! टेक्निकली एअरक्राफ्ट पूर्णपणे फिट आहे. मी स्वतः खात्री देतो."

"बहुत बढ़िया," शेठजी म्हणाले. "तो आप चलो हमारे साथ. दरवज्जे के पास वाली सीट पे बैठना."

"माझी... माझी ड्यूटी ग्राउंडवर असते," सुशांत म्हणाला.

असा हशा पिकला म्हणता! चहावाला टेबल बडवत होता. शेठजींनी दिनानाथरावांच्या पाठीवर अशी थाप मारली, की कोट पुन्हा पडला. दिनानाथराव मात्र हसत नव्हते. एवढं सगळ्यांना कुठून कळलं, हेच त्यांना कळत नव्हतं. "सरोजिनी, तू कुणाला बोललीस का?" त्यांनी विचारलं. सरोजिनीबाईंनी त्यांच्याही हातावर मूठभर सेव ठेवली.

एवढ्यात कॅप्टनसाहेब जीपमधून उतरले. मिशीवाला, कडक इस्त्रीचा माणूस. हॉलमधला गोंधळ ऐकून त्यांनी काय आहे ते खुणेनं विचारलं, आणि शेठजींनी त्यांना काचेतूनच हातवारे करून सगळं दार उघडून, लावून, ढकलून दाखवलं. कॅप्टनसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते तडक विमानात चढले. मेकॅनिकला त्यांनी हातानं लांब केलं, आणि आतून दार स्वतः ओढून घेतलं. अख्खा हॉल काचेला चिकटला होता. क्षणभर काही झालं नाही. मग दार, आत दिवा लागलेला असणार तरीही, नुसत्या गुडघ्याच्या धक्क्यानं सताड उघडलं. कॅप्टनसाहेबांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. त्यांची टोपी मात्र खाली पडली आणि विमानतळावरून घरंगळत लांब गेली.

"हाय राम!" हॉल एका आवाजात म्हणाला.

कॅप्टनसाहेब खाली उतरले आणि सुशांतकडे बघून बोलायला लागले. तोंड बरोबर काचेकडे होतं. दिनानाथरावांनी सवयीप्रमाणं वाचलं, आणि सवयीप्रमाणंच म्हणून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या तीन शब्दांतच सरोजिनीबाईंनी त्यांच्या तोंडावर पदर दाबला. आजींनी "शिव शिव" म्हणत कानांवर हात ठेवले, पण नंतर बोटं जरा फाकवली.

विमान उडालं नाही. दार बदलल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं कॅप्टनसाहेबांनी लिहून दिलं, आणि त्यांच्यापुढं सुशांतचं काही चालेना. पण तो सुशांत, तो असा सोडणार होता थोडाच! त्यानं शेवड्यांच्या तिघांनाही आपल्या खोलीत बोलावलं. झालं, गेली नोकरी. पोरीच्या तोंडचा घास आपण हिसकावला, असंच दिनानाथरावांच्या मनात घोळत होतं.

"मिस शेवडे," सुशांत म्हणाला, "तुम्ही तुमच्या वडिलांना दाराबद्दल सांगितलंत?"

"सर, मी सकाळपासून तुमच्या डोळ्यांसमोर होते," यामिनी म्हणाली. चेहरा असा भोळा, की दुधात साखर विरघळावी. "मी हॉलमध्ये पाऊल तरी टाकलं का? कुणा प्रवाशाशी बोलताना तुम्ही मला पाहिलंत?"

सुशांतनं आठवून बघितलं. नव्हतं पाहिलं. "मग यांना कळलं कसं?"

"मी सांगतो!" दिनानाथराव ओरडले. टेबलावरची पिन खाली पडली. आयुष्यात खोटं बोलायची सवय नव्हती, पण बापाला कुणी शिकवावं लागत नाही. "साहेब, मी मिलमधला. मला लांबून ओठ वाचता येतात. मी तुमचंच तोंड वाचलं! तुम्हीच म्हणालात खर्च फार, पुढल्या वर्षी बघू!"

सुशांत बघतच राहिला. आपण हे म्हणालो होतो, शब्दच्या शब्द म्हणालो होतो! आपली पाठ काचेकडे होती, हे त्या घाबरलेल्या जिवाला कुठून आठवणार! त्याचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला. "माझं वाचलंत?" तो हाताआडून म्हणाला.

"सगळं!" दिनानाथराव म्हणाले.

यामिनी खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. रडते बिचारी, असं दिनानाथरावांना वाटलं.

सुशांतला तिला काही म्हणता येईना. उलट पुढं महिन्याभरात कॅप्टनसाहेबांच्या तक्रारीवरून कंपनीच्या सगळ्या विमानांना नव्या खिट्या बसल्या, आणि यामिनीची नोकरी पक्की झाली. कुणी म्हातारा समोर आला की सुशांत तोंडावर रुमाल धरूनच बोलायचा. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी टेम्पोत काय झालं ते ऐका.

विमान नाही तर नाही, घरी तर जायला हवं. तिघं टेम्पोत बसले. इंदूरचा तो मोठा, काळा धूर सोडणारा टेम्पो, खचाखच भरलेला. त्याचा आवाज असा, की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येऊ नये. सरोजिनीबाई उरलेली सेव मांडीवर घेऊन खिन्न बसलेल्या. दिनानाथराव खाली मान घालून. समोरच्या बाकावर यामिनी. तिनं बापाच्या गुडघ्याला पायानं हलकेच ढोसलं. त्यांनी वर पाहिलं.

पोरीनं तोंड मोठं केलं आणि बिनआवाजी म्हणाली, "ऊन होतं. तुम्हाला नीट दिसलं ना माझं तोंड?"

दिनानाथरावांना कळेना.

"मुद्दाम काचेकडे तोंड करून उभी होते," ती म्हणाली. "ते सर मला दोनदा बाजूला घ्यायला बघत होते, मी हललेच नाही. ते जे म्हणतील ते पुन्हा म्हणत होते, तुम्हाला कळावं म्हणून. प्रवाशाशी बोलायचं नाही असं सांगितलं होतं त्यांनी. मी एका अक्षराचा आवाज तुमच्यापर्यंत येऊ दिला नाही."

"आणि मी गप्प बसलो असतो तर?" त्यांनी ओठांनी विचारलं.

"तर मी स्वतः कॅप्टनसाहेबांना सांगितलं असतं आणि नोकरी सोडून घरी आले असते. त्या दारानं मी कुणाला वर नेणार नव्हते, बाबा." मग तिला हसू आवरेना, ओठ नीट हलेनात. "पण म्हटलं, घरात एवढा मोठा लाउडस्पीकर असताना नोकरी कशाला घालवू? तुम्ही आईच्या कानात सांगणार, हे मला माहीत होतं. तुम्ही आईच्या कानात सांगितलं की संपलं!"

दिनानाथरावांचे डोळे भरून आले. मिल गेल्यापासून त्यांना वाटत होतं, की आपले डोळे आणि आपला आवाज दोन्ही त्या मागांबरोबरच भंगारात गेले. आणि इथं त्यांच्या पोरीनं एक अख्खं विमान त्या दोन गोष्टींच्या भरवशावर थांबवलं होतं! पाण्यामुळं तिचे ओठ दिसेनात. "थांब," ते खुणेनं म्हणाले, "परत म्हण. एकदा परत म्हण." तिनं परत म्हटलं. त्यांना एवढा आनंद झाला, एवढा झाला, की टेम्पोच्या टपाला डोकं लागलं तरी कळलं नाही.

आणि हा आनंद एकट्याच्या पोटात मावायचा कसा? त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं. भाजीवाल्या बाई टोपलीवर डुलक्या घेत होत्या, कॉलेजची पोरं आपापसांत बोलत होती, ड्रायव्हर समोर बघत होता. ते सरोजिनीबाईंच्या कानाशी लागले. तोंडावर हात धरला.

"अगं, पोरीनंच केलं सगळं! मुद्दाम माझ्याकडे तोंड करून बोलली! तो सुशांत बसला बोंबलत! पण कुणाला बोलू नकोस हं, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

भाजीवाल्या बाईंची डुलकी मोडली. पोरं बोलायची थांबली. ड्रायव्हरनं टेम्पोचा वेग कमी केला आणि मागं वळून पाहिलं. सरोजिनीबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग त्यांना असं हसू फुटलं, की मांडीवरची सेव सगळ्या टेम्पोत सांडली.

"नी बोलेंगे, दादा!" सगळा टेम्पो एका सुरात म्हणाला. "किसी को नी बोलेंगे!"